रिमोट रीडिंगचे पाणी मीटर : फोंड्यातल्या सोसायटीत नऊ महिने वापरल्यावर

पाण्याचे बिल वाटून घेण्यासाठी म्हणून हे मीटर घेणार असाल तर जरा थांबा. गळती पकडण्यासाठी घेणार असाल तर खुशाल घ्या. नऊ महिन्यांचा माझा निष्कर्ष एवढाच आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत पहिले चार महिने निव्वळ भांडणात गेले.

आमची सोसायटी गोव्यातल्या फोंड्यात, कुर्टीच्या बाजूला. दोन इमारती, ३२ फ्लॅट. मी खजिनदार, म्हणजे पाण्याचे बिल भरणारा आणि त्यावरून बोलणी खाणारा. पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसात फोंडा-तिसवाडीतल्या घरांत घागरी रांगेत लागल्या, तेव्हापासून आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी वर जाते. फाटकाशी एकच जोडणी, एकच मीटर. त्याचे बिल आले की भागिले ३२, आणि मेंटेनन्समध्ये टाकून मोकळे. वर्षानुवर्षे हेच चालले.

मग हिशेब बदलला. सात फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद, मालक कुणी मुंबईला, कुणी मस्कतला. एका फ्लॅटमध्ये फर्मागुडीच्या कॉलेजातली सहा मुले भाड्याने राहतात, त्यांचे वॉशिंग मशीन रात्री अकराला सुरू होते. बंद फ्लॅटवाले म्हणू लागले, आम्ही थेंब वापरत नाही, आम्ही का भरायचे? प्रश्न बरोबर होता. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव झाला, आणि गेल्या मे महिन्यात मीटर बसले.

विक्रेत्याने पहिला अंदाज दिला तो ३२ मीटरचा. इथेच पहिली चूक टळली, ती आमच्या प्लंबरमुळे. जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराला एक नळ उतरतो, मोठ्या बाथरूमला दुसरा, मागच्या बाथरूमला तिसरा. फ्लॅटचा असा एकच नळ कुठे नसतोच. म्हणजे मीटर ९६. बसवणुकीसकट मीटरमागे साडेसहा हजार, फ्लॅटमागे साडेएकोणीस हजार. सभेत हा आकडा वाचला तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तुमच्या इमारतीत किती नळ उतरतात हे स्वतः शाफ्टमध्ये, म्हणजे नळ उतरतात त्या उभ्या पोकळीत, बॅटरी मारून मोजल्याशिवाय कोणाचाही अंदाज धरू नका.

मीटर आम्ही अल्ट्रासॉनिक घेतले. चाक फिरणारे मल्टिजेट स्वस्त होते, निम्म्या किमतीत मिळत होते, आणि मी स्वतः त्यांच्याच बाजूने होतो. पण कागद वाचल्यावर मत बदलले. १५ मिलिमीटरच्या, अचूकतेच्या ‘बी’ वर्गातल्या चाकी मीटरची मोजण्याची हमी सुरू होते ताशी ३० लिटरपासून, आणि तिथेही पाच टक्के चूक माफ असते. त्याखाली चाक फिरले तर फिरले, नाही तर नाही. घरातली गळती नेमकी त्याखालची असते. फ्लशच्या टाकीतून रात्रभर जी बारीक धार कमोडमध्ये उतरत राहते, तिला असे मीटर बहुधा ओळखतही नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये फिरणारा भागच नसतो. प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने सोडलेल्या ध्वनिलहरींना लागणाऱ्या वेळेतल्या फरकावरून तो वेग काढतो, त्यामुळे बारीक धारही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

प्रत्येक मीटर तासातासाचा आकडा साठवतो आणि दिवसातून चार वेळा रेडिओवरून गच्चीवरच्या गेटवेला, म्हणजे सगळ्या मीटरांचे आकडे गोळा करणाऱ्या डब्याला, कळवतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो, त्यामुळे त्याचे वेगळे भाडे नाही. गेटवेत सिमकार्ड, तिथून आकडे कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून माझ्या मोबाइलवर. दिसायला छान.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वीस मीटर मुके झाले. मी तीन वेळा तक्रार केली, तीन वेळा उत्तर आले की बॅटरी तपासतो. बॅटरीचा काही दोष नव्हता. मेमध्ये गेटवे बसवला तेव्हा गच्ची मोकळी होती, आणि पावसाच्या तोंडावर आम्ही नेहमीप्रमाणे गच्चीवर पत्र्याची शेड घातली. अँटेना पत्र्याखाली गाडला गेला. प्लंबरने तो एका जुन्या जीआय पाइपावर चढवून शेडच्या बाहेर काढला, त्याच संध्याकाळी अठरा मीटर बोलू लागले. उरलेले दोन तळमजल्याच्या चिऱ्याच्या जाड भिंतीमागे होते, त्यांच्यासाठी संदेश पुढे पोहोचवणारा छोटा रिपीटर लागला. पुढे गेटवेच्या डब्यात मुंग्यांनी अंडी घातली, आणि ऑक्टोबरच्या एका गडगडाटात अडॅप्टर जळाला. या कशातही बिलाचे नुकसान झाले नाही, कारण एकूण आकडा मीटरच्या पोटातच राहतो. गेटवे आठवडाभर झोपला तरी उठल्यावर शेवटचा आकडा मिळतो. फक्त मधल्या तासांचा तपशील जातो.

पहिले बिल आले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या दारात. घरात त्या आणि काका, दोघेच. बिलात ३१ घनमीटर, म्हणजे ३१ हजार लिटर. मी त्यांना मोबाइल दाखवला, आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या आलेखाने माझी बादली भरते काय?” बरोबरच होते. रविवारी सकाळी मी, प्लंबर आणि वीस लिटरच्या दोन बादल्या असे त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. एक जण नळ सोडणार, प्लंबर शाफ्टमध्ये मीटरच्या पडद्यावर डोळा ठेवणार. नळ सोडला, बादली भरली, दुसरी भरली. शाफ्टमधून प्लंबर ओरडला, “उदक येना!” पाणी तर माझ्या पायाशी उतू चालले होते. मीटर हलला तो वरच्या मजल्याचा. बसवताना दोन मजल्यांचे क्रमांक एकमेकांच्या नावावर चढले होते. विद्यार्थ्यांच्या कपड्यांचे पाणी काकूंच्या माथी.

त्यानंतर आम्ही पुढचे चार रविवार सगळ्या ९६ मीटरांची बादली घेऊन परीक्षा केली. सहा अदलाबदल सापडल्या. मीटर एकही चुकीचा नव्हता, चाळीस लिटरमागे अर्ध्या लिटरचाही फरक कुठे आला नाही. चूक होती ती एका एक्सेल शीटमध्ये. मोठमोठ्या शहरांत असली यंत्रणा बसते तेव्हाही नेमके इथेच घोडे पेंड खात असणार, असा माझा आता पक्का समज झाला आहे. कुठला क्रमांक कुणाच्या दाराचा, हे माणसाने चालत जाऊन पाहायचे काम आहे. ते आधी करा. पहिले बिल छापल्यावर करू नका.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आमच्याकडे चवथीला फ्लॅटमध्ये कोण राहतो? जो तो मूळ गावच्या घरी, कुणी सत्तरीत, कुणी पेडण्यात. यंदा ३२ पैकी २१ फ्लॅटना कुलूप होते. मी इथेच होतो, पायाचे दुखणे म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी नेवऱ्या (करंज्या) खात सहज मोबाइल उघडला आणि रात्री दोन ते चारचे आकडे पाहिले. कुलूपबंद घरात त्या वेळी शून्य दिसायला हवे. पाच फ्लॅटमध्ये शून्य नव्हते. त्यातल्या एका मागच्या बाथरूमचे आकडे असे : ११, १२, ११, १२. दर तासाला, रात्रंदिवस, एका लयीत. माणूस पाणी असे वापरत नाही. अशी लय रबराच्या झिजलेल्या वॉशरचीच.

फ्लॅट मस्कतवाल्यांचा. जानेवारीपासून बंद. “आम्ही थेंब वापरत नाही” म्हणून सभेत सर्वांत मोठ्याने बोललेले तेच. किल्ली शेजाऱ्यांकडे होती. फोनवर त्यांना विचारले तर म्हणाले, तुमचा मीटर बिघडलाय. मग प्लंबरने फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकले आणि आम्ही दाराशी उभे राहिलो. पाच मिनिटांत कमोडच्या आतल्या कडेवरून निळी रेघ खाली आली. फोटो मस्कतला गेला. त्यावर उत्तर आले नाही, पैसे आले.

ताशी साडेअकरा लिटर म्हणजे दिवसाला पावणेतीनशे, महिन्याला आठ घनमीटरच्या वर. आपल्याकडे शहरी पाणीयोजनांसाठी माणशी रोज १३५ लिटरचे मान धरतात. चौघांचे कुटुंब त्या मानाने महिन्याला सोळा घनमीटर वापरते. २०२१ मध्ये सरकारने महिना १६ घनमीटरपर्यंतचे पाणी मोफत जाहीर केले तेव्हापासून हा सोळाचा आकडा गोव्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. कुलूप लावलेल्या घरातला एक वॉशर दोन माणसांइतके पाणी पीत होता, आणि त्याचे बिल मीटर येईपर्यंत आम्ही बत्तीस जण मिळून भरत होतो. वॉशर शंभर रुपयांच्या आतला.

पाचही गळत्या पंधरा दिवसांत बंद झाल्या. मोठा चोर वेगळाच निघाला. फाटकावरचा मीटर आणि ९६ मीटरांची बेरीज यांत जूनमध्ये अठरा टक्के फरक येत होता. बागेचा नळ, वॉचमनची खोली धरली तरी एवढा नव्हे. आमच्याकडे पाणी चढते ते बहुतेक मध्यरात्रीनंतर, आणि जमिनीखालच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप, अडकलेला होता. टाकी भरून पाणी गटारात जात होते, सगळे झोपेत असताना. व्हॉल्व्ह बदलला, फरक सहा टक्क्यांवर आला. हे शोधायला ९६ मीटर लागले नसते, फाटकावर आणि टाकीच्या तोंडाशी एकेक मीटर पुरला असता. पैसे कमी असतील तर सुरुवात तिथून करा, हे मी आता ज्याला त्याला सांगतो.

बिलाच्या सॉफ्टवेअरबद्दल चांगले बोलायला फार नाही. त्यात टँकरचा रकानाच नाही. मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो, ते पाणी त्याच टाकीत पडते आणि त्याच मीटरमधून जाते, पण दर वेगळा. मी तो हिशेब अजून वहीत करतो. एखादा मीटर महिनाअखेरीस बोलला नाही की सॉफ्टवेअर मागच्या तीन महिन्यांची सरासरी टाकते, आणि ती अंदाजे आहे हे बिलावर इतक्या बारीक अक्षरात येते की माझ्या चष्म्यालाही दिसत नाही. बिलाचा संदेश इंग्रजीत किंवा हिंदीत, मराठी-कोकणी नाही. मी दर महिन्याला मराठीत तक्ता करून जिन्याखालच्या फलकावर लावतो. गंमत म्हणजे अ‍ॅप उघडणारे नऊ जण आहेत, फलक वाचणारे सगळे.

वाटणीचे भांडण मिटवले ते सॉफ्टवेअरने नाही, सभेने. चाळीस टक्के रक्कम सगळ्यांना समान, कारण पंप, टाकीची सफाई आणि वॉचमन बंद फ्लॅटसाठीही आहेतच. साठ टक्के वापरावर. आधी आम्ही शंभर टक्के वापरावर लावून पाहिले होते. बंद फ्लॅटांना अकरा रुपयांची बिले गेली आणि ती वसूल करायला त्याहून जास्त फोन झाले.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. खजिनदाराच्या मोबाइलवर दिसते की कुणाच्या घरी रात्री तीनला आंघोळ झाली, कोण चार दिवस गावाला गेले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी सभेत सरळ विचारले, “हे तुम्ही बघता?” मी बघत होतो, खोटे कशाला बोलू. आता तासाचे आकडे फक्त त्या त्या घराला दिसतात. समितीला दिवसाची बेरीज, आणि रात्रीचा प्रवाह सलग तीन रात्री शून्यावर आला नाही तरच इशारा. कंपनीला हे करायला सात आठवडे लागले.

एप्रिलपासून सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क सुरू होते. भरणार आहे. पण करारात दोन ओळी घालून घेतल्या आहेत : सर्व आकडे आम्हाला आमच्याकडे उतरवून मिळतील, आणि टँकरचा रकाना मेच्या आधी. पहिली ओळ त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर अजून मेल चालू आहेत, आणि वही मी टेबलाच्या खणातून काढलेली नाही.