मराठवाडा फिरताना पिशवीत काय: गॅझेटियर की स्थानपोथी?

पैठण, वेरूळ, भोकरदन या पट्ट्यात जुन्या जागा शोधत फिरायचं मनात असेल आणि सोबत एकच पुस्तक न्यायचं असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतच आहे. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. स्थानपोथी म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची जुनी पोथी; तिचं नाव मात्र हा पंथ आणि मराठी साहित्याचे अभ्यासक सोडले तर फारसं कुणी घेत नाही. मी दोन्ही वापरतो.

गॅझेटियरचा आवाका मोठा आहे, यात वादच नाही. निजामाच्या काळातला शेतसारा, जहागिऱ्या, नद्या, पिकं, १७६० ची उदगीरची लढाई, सगळं त्यात येतं. इंटरनेटवर फुकट मिळतं, मोबाइलमध्ये राहतं. फक्त कुठला खंड उघडायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण आपल्याकडचे मूळ खंड १९६७ ते १९७७ या काळातले आणि जिल्हे त्यानंतर फुटले. जालना १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. म्हणून औसा आणि उदगीर उस्मानाबादच्या खंडात, अंबड औरंगाबादच्या, आणि आज जालन्यात असलेलं परतूर परभणीच्या. एकदा सवय झाली की याचा त्रास होत नाही.

मला त्रास झाला तो वेगळाच, आणि निवड त्यावरच ठरली. गॅझेटियर गावापर्यंत नेतं, जागेपर्यंत नेत नाही. पैठण-वेरूळसारख्या नावाजलेल्या ठिकाणांना पानंच्या पानं आहेत, पण लहान गावाची नोंद उघडा. लोकसंख्या, बाजाराचा वार, पोस्ट, शाळा, आणि शेवटी एक वाक्य: गावात हेमाडपंती देऊळ आहे, अमुक महिन्यात जत्रा भरते. देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, तोंड कुठे, जवळ बारव आहे की नाही, यातलं काही नाही. अशा गावात उतरून मी पारावर चौकशी करत बसलो आहे. एक जण महादेवाच्या देवळाकडे पाठवतो, दुसरा देवीच्या. नेमकं कुठलं, हे पुस्तक सांगत नाही. पूर्ण जिल्हा कवेत घ्यायचा म्हटल्यावर हे होणारच, हे मान्य. पण उन्हात उभं असताना ती समजूत फार पुरत नाही.

स्थानपोथीची सुरुवातच जागेपासून होते. चौदाव्या शतकातली ही पोथी, मुनिव्यास कोठींची, वि. भि. कोलते यांनी ती संपादित केली. हेतू साधा: चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, जेवले, निजले ती प्रत्येक जागा पुढच्या भक्ताला नमस्कारासाठी बिनचूक सापडावी. जागा चुकली तर नमस्कार चुकला. त्यामुळे देऊळ पूर्वाभिमुख की पश्चिमाभिमुख, दार कुठल्या बाजूला, पटिशाळा (ओवरी) कुठे, त्यांच्या मधली जागा कुठली, हे सगळं लिहून ठेवलंय. लघवीला गेल्याची जागासुद्धा सोडलेली नाही. आजचा सर्वेक्षण करणारा माणूस इतकी काळजी घेईल का, मला शंका आहे. भक्तीच्या पोटी इतकी काटेकोर नोंद झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

वेरूळला हा फरक सगळ्यात जास्त जाणवला. गॅझेटियरमधून लेण्यांचे क्रमांक कळतात, मापं कळतात, धर्माप्रमाणे गट कळतात. तिथून पुढे आपण थेट अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या घृष्णेश्वरापाशी येतो. मधल्या शतकांत या लेण्यांत कोण वावरत होतं? लीळाचरित्र (चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ) आणि स्थानपोथी सोबत असल्या की उत्तर मिळतं. चक्रधरांचा मुक्काम तिथल्या चतुर्विध मठात होता, म्हणजे यादवांच्या काळात लेणी हा राहता मठ होता. हे डोक्यात घेऊन आत गेलो तेव्हा मी शिल्पांआधी कोपरे पाहू लागलो: झोपायची जागा कुठे असेल, उजेड कुठून येत असेल. पैठणलाही तसंच. भोगनारायणाच्या देवळाभोवतीचं वर्णन वाचून गेलं की गोदाकाठाकडे पाहायची नजर बदलते.

गूढाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले होते, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहास-संशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधून काढली. तोपर्यंत हा सगळा भूगोल पंथाबाहेरच्यांना बंद होता.

पोथीच्या अडचणी मी लपवणार नाही. भाषा जुनी आहे. पहिली काही पानं अडखळत वाचावी लागतात. पंथाचा पाय जिथे पडला नाही तिथलं एक अक्षर नाही. औशाचा किल्ला, नहर-ए-अंबरी (औरंगाबादची जुनी पाणीयोजना), हैदराबाद मुक्तिसंग्राम हे सगळं नंतरचं, त्यासाठी गॅझेटियरलाच शरण जावं लागेल. शिवाय पोथीतल्या कितीतरी इमारती आज उभ्या नाहीत, आणि जायकवाडीच्या पाण्याने पैठणच्या वरच्या अंगाचा नदीकाठ पार बदलून टाकला. तिथे पोथीतल्या दिशा जुळवताना हात टेकावे लागतात. पुस्तकही दुकानात सहज मिळत नाही. महानुभाव आश्रमांजवळच्या ग्रंथविक्रेत्यांकडे किंवा जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारावं.

तेव्हा जिल्ह्याचा इतिहास घरी बसून समजून घ्यायचा असेल, किंवा लातूर-उदगीरकडे जाणार असाल, तर गॅझेटियर घ्या, मी अडवणार नाही. पण गोदावरीच्या काठाने किंवा भोकरदनकडे, जाळीच्या देवाच्या (महानुभावांच्या तीर्थाच्या) बाजूने निघणार असाल, तर मी पोथी घेईन. ग्रंथालयातली प्रत बाहेर न्यायला देत नसतील तर वेरूळ आणि पैठणच्या पानांची झेरॉक्स काढून न्या, आणि भाषा अडू नये म्हणून निघण्याआधी घरी एकदा मोठ्याने वाचा.