परिचारिकांनी चालवलेला हाडांच्या तपासणीचा कक्ष: अभिप्राय

गेल्या वर्षी आई घरातल्या घरात अडखळून पडली आणि तिचे मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली, तेव्हा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती हे सांगणारा आकडा, उणे 2.9 आला. उणे 2.5 किंवा त्याहून खालचा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार), त्यामुळे हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची 70 मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट गोळी सुरू झाली आणि पुढची देखरेख रुग्णालयातल्या या कक्षाकडे आली.

रक्तदाब मोजून फाईल पुढे सरकवतील, एवढीच माझी अपेक्षा होती. सिस्टरांनी मात्र काहीही समजावण्याआधी आईला विचारले, "मावशी, गोळी कशी घेता, ते जरा सगळे सांगा बघू." आईने सरळ सांगून टाकले की, ती सकाळच्या चहाबरोबर गोळी घेते आणि पुन्हा घटकाभर आडवी होते. छातीत जळजळते म्हणून मधले दोन आठवडे तिने गोळी घेतलीच नव्हती, हे आम्हा घरच्यांनाही तेव्हाच कळले. ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. चहा किंवा कॅल्शियम सोबत घेतले, तर औषध शरीरात नीट शोषलेच जात नाही. पाकिटातल्या कागदावर हे सारे बारीक अक्षरांत छापलेले असते, पण तो कागद आमच्या घरी कोणी उलगडलाही नव्हता. सिस्टरांनी कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि साप्ताहिक गोळीचा वार पाकिटावर ठळक लिहून दिला.

मग पुन्हा पडण्याचा धोका किती, हे पाहण्यासाठी त्यांनी आईला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावले, बसवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, रात्री कितीदा उठावे लागते आणि झोपेची गोळी चालू आहे का, हेही विचारले. उंची जुन्या नोंदीपेक्षा चार सेंटिमीटरने कमी भरली, तेव्हा त्यांनी लगेच डॉक्टरांना कळवून मणक्याचा एक्स-रे काढवला. त्यात एक मणका दबलेला निघाला. आईच्या ज्या पाठदुखीला आम्ही 'वयाचे दुखणे' म्हणत होतो, तिचे मूळ बहुधा हेच असावे.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. हा सगळा डोलारा एका सिस्टरवर उभा आहे. त्या रजेवर असल्या की खरोखरच नुसता रक्तदाब मोजून परत पाठवले जाते, आणि पुढच्या तारखेची आठवण करून देण्याची कोणतीही सोय नाही. याच आजारावरचे दुसरे औषध, डेनोसुमॅब, त्याचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते आणि ते लांबले तर हाडांची घनता झपाट्याने घटून मणके मोडण्याचा धोका वाढतो. कक्षात आमच्या शेजारी बसलेल्या बाईंचे हेच इंजेक्शन दोन महिने लांबले होते आणि त्यांना एकही फोन गेला नव्हता.

पाचपैकी चार गुण. कापलेला गुण व्यवस्थापनाच्या खात्यातला आहे.