हिमालयन ४५०वर बाहेरचा सायलेन्सर : एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० मोटारसायकलला बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, सायलेन्सर बसवून आता एक पूर्ण पावसाळा आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं ऊन काढून झालं. राहतो गोव्यात, साखळी गावात, म्हणजे चोर्ला घाट दारातच. रोज कामाला पणजी, आणि सुट्टी जोडून आली की बेळगावमार्गे कोल्हापूर-पुणे, नाहीतर खाली कारवार-गोकर्ण. गाडीवर बहुतेक वेळा आम्ही दोघं आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. लांबच्या प्रवासासाठी सायलेन्सर निवडायचा असेल तर हे वाचा. नाक्यावर आवाज काढायचा असेल तर माझं मत तुम्हाला पटणार नाही.

बदलायचं कारण साधं होतं. काणकोणकडे जाताना करमळ घाटातल्या चिखलावर गाडी उजव्या अंगावर गेली आणि मूळ डबा चांगलाच चेपला. नवा घ्यायचाच होता, तर बाहेरचे पर्याय बघितले. विकत घेतला तो स्टेनलेस स्टीलचा, भारतीय बनावटीचा, काढता येणाऱ्या डीबी किलरसकट (आवाज कमी करायला डब्याच्या तोंडात बसवतात तो भाग). फिटिंग धरून वीस हजारांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे नावापेक्षा काय तपासायचं ते कळणं जास्त उपयोगाचं.

पहिला निर्णय स्लिप-ऑन की फुल सिस्टीम हा. स्लिप-ऑनमध्ये फक्त मागचा डबा बदलतो. फुल सिस्टीममध्ये इंजिनापासूनचा बेंड पाइपही जातो आणि त्याच्याबरोबर बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (थोडक्यात कॅट, धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग). मी स्लिप-ऑन घेतला आणि कॅटला हात लावला नाही. ज्यांना फिरायचंय त्यांना हेच सांगेन. संथ, एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजत राहतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यामुळे नुसता डबा बदलल्याने होणारा थोडा फरक तो सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू आपल्या ठरलेल्या मॅपवर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याच्या तक्त्यावर, चालतो. तिथे फुल सिस्टीम लावली आणि मॅप बदलला नाही तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. मग फ्युएल कंट्रोलर, रीमॅप, वॉरंटीची चर्चा, हे सगळं मागे लागतं. काही गाड्यांत कॅट बेंड पाइपमध्ये असतं, काहींत डब्यातच. आपल्या गाडीचं कुठे आहे ते आधी बघा, नाहीतर डब्याबरोबर तेही नकळत निघून जाईल.

ताकद वाढली का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही. निदान अंगाला जाणवेल एवढी नाही. या इंजिनाची ४० पीएस ताकद ८,००० आरपीएमला मिळते आणि ४० न्यूटन मीटर टॉर्क ५,५०० ला. कॅट आणि बेंड पाइप जागच्या जागी असताना शेवटचा डबा मोकळा करून त्यात मोठा फरक पडत नाही. मायलेजही तसंच राहिलं. वजनातला फरक मात्र खरा आहे, आणि तो चालवताना कमी, पण गाडी स्टँडवरून उचलताना आणि बॅगा भरून चिखलात ढकलताना जास्त कळतो.

आता आवाज. मला जे सांगायचंय ते मुख्यतः इथेच आहे.

दुकानात मेकॅनिक गाडी चालू करून दोनदा थ्रॉटल देतो, आवाज छातीत घुमतो आणि आपण पैसे काढतो. पण लांबच्या प्रवासात गाडी ना आयडलिंगवर चालते ना उभ्या उभ्या थ्रॉटल मारून. ती तासन्तास एकाच पट्ट्यात धावते. माझी गाडी हायवेला बहुतेक वेळ साडेचार-पाच हजार आरपीएमच्या आसपास असते. फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे ४,५०० आरपीएमला मिनिटाला २,२५० आणि सेकंदाला साडेसदतीस. ही फार खालची, जड कंपनं. डब्यातली ग्लास वूल (काचेच्या तंतूंची लोकर) वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषून घेते, पण एवढ्या खालच्या आवाजाला तिचा इलाज नाही. त्याला डब्यात जागा लागते, आकारमान लागतं. म्हणून दिसायला देखणे, आखूड, वीतभर लांबीचे डबे टूरिंगला बाद. मी मित्राच्या गाडीवर असा आखूड डबा लावून निपाणीहून कोल्हापूरपर्यंत सरळ रस्त्यावर गाडी चालवली. दहा मिनिटं मजा आली, पाऊण तासाने कानाच्या मागे दुखायला लागलं, आणि कोल्हापुरात उतरल्यावर चहा सांगतानासुद्धा मी मोठ्याने बोलत होतो. इअरप्लगही इथे पुरते मदतीला येत नाहीत, कारण तेही वरचे आवाज चांगले अडवतात आणि खालची घुमघुम हाडांतून आत येतच राहते.

मग लांब, जाड डबा असलेलं मॉडेल मागितलं आणि त्याच रस्त्यावर ऐकलं. साडेचार हजारांच्या आसपास हलकी घुमघुम याही डब्याला आहे, पण थोडा वेग कमी-जास्त केला की ती पट्टी मागे पडते. मागे बसणाऱ्या माणसाचं मत तर घ्याच. सायलेन्सरचं तोंड चालवणाऱ्यापेक्षा मागच्याच्या जास्त जवळ असतं. माझ्या बायकोने अनमोड घाट उतरल्यावर मोल्याला हेल्मेट काढून सांगितलं, "हा चालेल. त्या दिवशीसारखं डोकं जड नाही झालं." हा शेरा माझ्यासाठी कुठल्याही व्हिडिओपेक्षा मोठा होता.

डीबी किलर काढायचाच नाही. तो काढून एकदा मोबाईलच्या अ‍ॅपने मोजून बघितलं. मोजायची पद्धत ठरलेली आहे: डब्याच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात, आणि ज्या आरपीएमला कमाल ताकद मिळते त्याच्या निम्म्यावर, या गाडीला ४,०००. मोबाईलचे आकडे नेमके नसतात, पण एकाच जागी, एकाच फोनने मोजले तर फरक खरा कळतो. माझ्याकडे तो दहा डेसिबलच्या आसपास आला. डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नाही: तीन वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. डीबी किलर लावून सकाळी अंगणात गाडी गरम करत असलो तरी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा मला ऐकू येतो. माझ्या दृष्टीने एवढी मर्यादा पुरे. आमच्या वाड्यावर म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत, आणि चोर्ल्याला धुकं असताना पोचायचं तर मला पहाटे निघावं लागतं. किनाऱ्याकडच्या गावांत सीझनभर रात्री-अपरात्री फाटके सायलेन्सर ऐकून लोक किती वैतागलेत ते मी रोज ऐकतो. त्यात आपली भर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

"मोठ्या आवाजामुळे समोरचा सावध होतो" हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. घाटाच्या आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्या, काचा बंद केलेल्या ट्रकवाल्याला आपला डबा ऐकू येईपर्यंत आपण त्याच्या पुढ्यात असतो. तिथे हॉर्न आणि दिवा लागतो.

कायद्याचंही स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि कलम १९०(२) प्रमाणे ध्वनी वा वायुप्रदूषणाचे निकष मोडले तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने परवाना जातो. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना बनवतानाची मर्यादा ८० डेसिबल आहे. परदेशी डब्यांवर जो ई-मार्कचा शिक्का असतो तो युरोपातल्या मान्यतेचा. आपल्याकडे तो परवाना ठरत नाही. बाहेरचा डबा लावताना ही जोखीम आपल्या डोक्यावर आहे हे धरूनच चाला. मी मूळ डबा ठोकून सरळ करून घेतला, तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. तपासणीच्या वेळी किंवा सर्व्हिस सेंटरला वॉरंटीचं काही काम निघालं तर अर्ध्या तासात परत लागतो.

बॅगांचं माप दुकानातच घ्या. डबा उजवीकडे वर उचललेला असतो, आणि रिकाम्या गाडीला दिसणारं अंतर खरं नसतं. मागे माणूस बसवा, बॅग भरा, मग बघा. माझ्या डब्यात आणि सॅडल बॅगेत चार बोटं अंतर राहतं, तरी पहिल्या लांबच्या प्रवासात बॅगेच्या आतल्या कडेचं नायलॉन कडक होऊन चकाकायला लागलं होतं. जळालं नाही, पण आणखी थोडं जवळ असतं तर वितळलं असतं. मधे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून घेतला, तेव्हापासून त्रास नाही. कपड्यांच्या बॅगा वापरणाऱ्यांनी हीट शील्ड असलेलाच डबा बघावा. रेनकोटची पँट टेकली तर तीही चिकटते.

आणि आता पाऊस, ज्याच्यावर आपल्याकडे सगळं अवलंबून असतं. जून ते सप्टेंबर सतत ओलं, वर खाऱ्या हवेचा मारा, आणि सत्तरी तालुक्यातल्या आतल्या रस्त्यांची तांबडी माती. काळा रंग दिलेला साधा लोखंडी डबा इथे घेऊच नका. रंग उष्णतेने फुगतो आणि खालून गंज धरतो. स्टेनलेसही पूर्ण सुटत नाही. माझा ३०४ ग्रेडचा आहे. त्यावर समुद्राकडून फिरून आल्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. गोड्या पाण्याने लगेच धुतले तर जातात, आठवडाभर ठेवले तर घासावे लागतात. टायटॅनियमला हा त्रास नाही आणि ते हलकंही असतं, पण त्या पैशात माझे दोन टायर आणि पुण्याच्या दोन फेऱ्या होतात.

डबा चांगला राहिला, दगा दिला तो जोडाने. बेंड पाइप आणि डबा जिथे एकमेकांत जातात तिथला क्लॅम्प साध्या लोखंडाचा, वर नुसता मुलामा दिलेला निघाला. श्रावणातच त्याचा बोल्ट गंजून बसला. त्याच सुमारास चोर्ला उतरताना थ्रॉटल सोडला की फटफट फटाके फुटायला लागले. दुकानवाला म्हणाला, "तो या डब्याचा साऊंडच आहे, लोकांना आवडतो." मी घरी येऊन गाडी थंड झाल्यावर टॉर्च घेऊन खाली बसलो. जोडाच्या खालच्या बाजूला काजळीची एक बारीक काळी रेघ पाइपवर मागे ओढली गेली होती. बोट लावलं तर कोरडी, मऊ काजळी. म्हणजे गॅस तिथून बाहेर येत होता, आणि थ्रॉटल सोडल्यावर तिथूनच बाहेरची हवा आत जाऊन न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटत होतं. गंजलेला बोल्ट कापून काढला, स्टेनलेसचा क्लॅम्प आणला, ग्रॅफाइटचं नवं गॅस्केट घातलं, बोल्टला कॉपर ग्रीस लावलं. फटाके बंद. तुमच्याही गाडीला मधेच असं सुरू झालं तर साऊंड म्हणून सोडून देऊ नका, आधी जोड बघा. क्लॅम्प कशाचा आहे हे तर विकत घेतानाच चुंबक लावून बघता येतं: साधं लोखंड असेल तर घट्ट चिकटतो, ३०४ला जवळजवळ चिकटत नाही.

डब्याच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला एक बारीक भोक असतं. ते तांबड्या मातीने बुजतं, मग पाणी आत साठून ग्लास वूल भिजते. धुताना सुईने मोकळं करायचं आणि तोंडात प्रेशरचं पाणी मारायचं नाही.

सध्या आवाज सुरुवातीपेक्षा थोडा मोकळा झालाय, म्हणजे ग्लास वूल जळत आलीय. ती खर्चाची, बदलायची वस्तू आहे. माझ्या डब्याचं मागचं झाकण रिव्हेटने बसवलेलं आहे, त्यामुळे रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतील आणि नवे मारावे लागतील. बोल्टचं झाकण असतं तर हे काम घरच्या घरी झालं असतं. नवा घेणाऱ्यांनी दुकानात झाकण कसं उघडतं ते विचारा, आणि वूलचं पाकीट त्यांच्याकडे सुटं मिळतं का तेही विचारा. मी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी हे काम उरकून घेणार आहे.