स्नॅपशॉट सेरेंगेटी जरूर वापरा, पण फक्त सिंह बघायला जाऊ नका

प्राण्यांची आवड आहे पण शिकारीचे तेच तेच व्हिडिओ बघून कंटाळा आलाय अशा सगळ्यांनी झूनिव्हर्स या वेबसाइटवरचं (इथे सामान्य लोक शास्त्रज्ञांना कामात मदत करतात) स्नॅपशॉट सेरेंगेटी वापरून बघाच. टांझानियातल्या सेरेंगेटी नॅशनल पार्कमधे २०१० पासून २२५ कॅमेरा ट्रॅप लावले, साधारण १,१२५ चौरस किलोमीटरवर पसरलेले, समोरून कुणी गेलं की आपोआप क्लिक होणारे, आणि त्या लाखो फोटोंमधे कोण आहे ते ओळखायचं काम डिसेंबर २०१२ मधे सगळ्यांसाठी खुलं केलं. पैसे लागत नाहीत, अकाउंट नसेल तरी चालतं.

वापरायला अगदी सोपं. फोटो समोर येतो, नाव माहीत नसेल तर शिंगं कशी आहेत, अंगावर पट्टे आहेत का ठिपके, शेपूट कशी आहे असं निवडत गेलं की यादी छोटी होत जाते. मग किती प्राणी, काय करतायत (उभे, बसलेले, चालतायत, चरतायत, का एकमेकांशी काही चाललंय), सोबत पिल्लं आहेत का ते सांगायचं. थॉमसन आणि ग्रँट या गझेलच्या (हरणासारख्या प्राण्याच्या) दोन जाती एकसारख्या वाटतात तेव्हा मागून बघा, ग्रँटचा पांढरा रंग शेपटीच्या वरपर्यंत चढलेला असतो. खात्री नसेल तरी अंदाज द्या कारण एकच फोटो बऱ्याच जणांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र करून निकाल काढतात, तज्ज्ञांशी ताडून बघितलं तेव्हा प्राणी ओळखण्यात ही उत्तरं जवळपास ९७ टक्के बरोबर निघाली.

रिकामे फोटो मात्र भरपूर. पहिल्या काही सीझनमधल्या (म्हणजे फोटोंच्या टप्प्यांमधल्या) १२ लाख क्लिकपैकी प्राणी होते सव्वातीन लाखांच्या आसपास, बाकी रिकामे, वाऱ्याने हललेलं गवत वगैरे.

पण मला हे इतकं का आवडतं तर कॅमेऱ्याला कुणी लाडका नसतो, सिंहाला आणि सशाला सारखाच भाव, आणि त्यामुळे एकेक प्राणी सुटा न दिसता कोण कुणामुळे कुठे आहे हे दिसायला लागतं. उंच जाड गवत आधी झेब्रे खातात, मग विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे, गाईसारखे दिसणारे मोठे हरणवर्गीय प्राणी) येतात, आणि ते खाऊन गेल्यावर खालचा कोवळा हिरवा पाला थॉमसन गझेलना मिळतो, म्हणजे पुढच्याने चरून जाणं हीच मागच्याची सोय!

आणि चित्त्याचं तर फारच भारी आहे. सिंह चित्त्याची पिल्लं मारतात, मग चित्ते सिंहांच्या इलाक्यातून निघूनच जात असतील असं कुणालाही वाटेल, पण याच कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून कळलं की तसं नाहीये, जागा तीच वापरतात, फक्त सिंह जाऊन गेला की पुढचे काही तास तिकडे फिरकत नाहीत. तरस उलट सिंहांच्या मागावरच. मात्र रानकुत्र्यांना हे जमलं नाही, सिंह वाढले तसे ते मैदानातून हटत गेले. एकच शत्रू, पण प्रत्येकाचा त्याच्याशी जगायचा हिशोब वेगळा, हे मला फार विलक्षण वाटतं.

चंद्राचाही असाच परिणाम सापडला. अमावस्येच्या आसपास अंधारात सिंहांना शिकार सोपी जाते, तेव्हा विल्डबीस्ट धोक्याच्या जागा टाळतात आणि चांदणं असलं की जरा मोकळे फिरतात, रानम्हशींच्या वागण्यात मात्र एवढा फरक पडत नाही, त्यांच्याकडे कळपाची ताकद आहे ना. म्हणून रात्रीचे फोटो धूसर आहेत म्हणून घाईघाईत उरकू नका, माझ्या मते खरा माल तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही, ती आधी वाचून जा. इतके विल्डबीस्ट तिथे कायम नव्हते. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने ते मरत होते, आजूबाजूच्या पाळीव गुरांना लस टोचली तसा जंगलातलाही रोग गेला आणि १९६० च्या सुमाराला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या शेवटी तेरा लाखांवर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं की वणव्याला जळायला काही उरत नाही, वणवे कमी झाले म्हणून झाडांची रोपं वाचली. गुरांना दिलेल्या लशीमुळे झाडं वाढली! हे माहीत असलं की फोटोत मागे उभ्या असलेल्या बाभळीकडेसुद्धा आपण वेगळ्या नजरेने बघतो.

कॅमेरा समोरचा छोटासा तुकडाच दाखवतो, एका फोटोवरून वागणुकीबद्दल काही ठरवू नका. मोबाईलपेक्षा मोठी स्क्रीन घ्या, गवतात लपलेले कान त्यावरच दिसतात. शाळेतल्या मुलांना सोबत बसवलं तर उत्तमच, फक्त कधीकधी शिकार केलेला प्राणीही फोटोत येतो तेवढं लहानग्यांना आधी सांगून ठेवा. माझ्याकडून पाचपैकी पाच.