डेलिओ: मूड-डायरीचं अ‍ॅप, पण आधी मांडणी बदलून घ्या

डेलिओ उघडायचं, पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायचा, त्या वेळात काय केलं त्याची चित्रं दाबायची आणि वाटलं तर दोन ओळी लिहायच्या. नोंद अर्ध्या मिनिटात होते, हाच या अ‍ॅपचा सगळ्यात मोठा गुण. मन खचलेलं असताना कोऱ्या वहीसमोर बसवत नाही, पण चेहरा दाबणं तेव्हाही जमतं. मात्र अ‍ॅप जसं येतं तसंच वापरलं तर महिन्याभरात हाती फक्त आपल्या उदासीची यादी उरते.

सुरुवात चित्रांपासून करा. मित्र, सिनेमा, खरेदी, साफसफाई अशी भरपूर चित्रं आधीच दिलेली असतात. त्यातली बहुतेक काढून टाका आणि स्वतःची सात-आठ ठेवा, दोन गटांत. पहिला गट 'मी केलं': जेवणानंतर १० मिनिटं चालणं, बहिणीशी फोन, रात्री ११ च्या आत अंथरुणात. दुसरा गट 'घडलं': ऑफिसात वाद, पाळी, अपुरी झोप, लांबचा प्रवास. हे दोन्ही एकत्र ठेवले तर आपल्या हातात काय आहे ते आलेखात दिसत नाही. नाव असं द्या की उत्तर हो किंवा नाही एवढंच यावं. 'व्यायाम' फार मोघम आहे, आणि 'सकारात्मक राहणं' ही तर कृतीच नव्हे.

कृतीवर एवढा भर देण्याला कारण आहे. उदासीत माणूस बाहेर पडणं, बोलणं, हातातली कामं सगळं कमी करतो. मग बरं वाटण्याचे प्रसंगच घटतात आणि उदासी आणखी वाढते. नैराश्यावरच्या वर्तनोपचारात १९७० च्या दशकापासून ही साखळी कृतीच्या बाजूने तोडतात: मूड येण्याची वाट न पाहता छोटी कृती ठरवायची, करायची आणि नंतर कसं वाटलं ते लिहायचं. डेलिओ त्यातलं लिहिण्याचं काम छान करतं, पण ठरवण्याचं काम आपल्यालाच करावं लागतं. त्यासाठी नवी सवय जुन्या सवयीला बांधा: 'दुपारचा चहा संपला की गच्चीवर दोन चकरा'. अ‍ॅपची आठवण घड्याळावर चालते, म्हणून ती साधारण चहाच्या वेळेलाच लावा.

चेहऱ्यांची नावं बदलता येतात. छान, बरं, ठीकठाक, खराब, असह्य अशी घरात बोलतो तीच ठेवा. 'खराब' दाबलं की टिपणात एक शब्द जरूर जोडा: राग, भीती, थकवा, एकटेपणा. चेहरा तोच असला तरी उपाय वेगळे असतात. थकव्याला झोप लागते, काळजी कागदावर उतरवली की आवाक्यात येते, एकटेपणाला माणूसच हवा.

बहुतेक जण झोपताना एकच नोंद करतात आणि तिथेच चुकतं. शेवटच्या तासाचा रंग सगळ्या दिवसाला लागतो. रात्री घरात वाद झाला की चांगली गेलेली सकाळही 'खराब'मध्ये जमा होते. दोन नोंदी करा, एक दुपारच्या जेवणानंतर आणि दुसरी रात्रीच्या जेवणाआधी.

आकडेवारी तीन-चार आठवडे उघडूच नका. तीनदा केलेल्या गोष्टीवरून काहीही ठरत नाही. नंतरही जपून वाचा. चालण्याच्या दिवशी मूड चांगला दिसतो, पण कदाचित मूड चांगला असतो तेव्हाच आपण चालायला निघतो. खरं काय ते पाहायचं असेल तर दोन आठवडे एक दिवसाआड चाला, त्या दिवशी कसंही वाटत असो, आणि मग दोन्ही प्रकारच्या दिवसांची तुलना करा. उलटही घडतं. 'बहिणीशी फोन' वाईट मूडसोबत दिसतो, कारण आपण फोन करतो तोच मन भरून आलेलं असताना. ते चित्र काढू नका. फोननंतरची पुढची नोंद पाहा.

सलग किती दिवस नोंद केली हे अ‍ॅप ठळकपणे दाखवतं. मला यातली ही सर्वांत घातक गोष्ट वाटते. साखळी तुटली की कित्येक जण अ‍ॅपच सोडून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २०१०) सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून उद्दिष्ट 'रोज' ठेवू नका, आठवड्यातून चार दिवस ठेवा. मागच्या तारखेची नोंद करता येते, पण साखळी जोडायला आठवणीतून मूड भरू नका. रिकामा चौकोन रिकामाच राहू द्या.

नोंदी फोनमध्येच राहतात, म्हणून फोन बदलण्याआधी गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर प्रत घ्या. घरात फोन सगळ्यांच्या हातात जात असेल तर पिन लावा. पैसे भरून घ्यायची आवृत्ती पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकांना लागणार नाही.

हे अ‍ॅप म्हणजे उपचार नव्हेत. दोन आठवडे जवळजवळ रोज तळाचे दोन चेहरे, त्यात झोप किंवा भूक गेलेली आणि कामात लक्ष नाही, असं दिसलं तर तोच आलेख घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आठवणीवर विसंबून सांगण्यापेक्षा चार आठवड्यांची झोप आणि मूड एका नजरेत दिसणं त्यांनाही उपयोगी पडतं. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, लगेच फोन करा. आणि आलेख पुन्हा पुन्हा पाहून जीव अधिकच खाली जात असेल तर आकडेवारीकडे जाणं थांबवा. छोट्या कृती नोंदीशिवायही चालू ठेवता येतात.