फिटर ट्रेड आणि अप्रेंटिसशिप: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या खात्यात १,५०० रुपये जमा झाले आणि त्या निमित्ताने हा अनुभव लिहायला बसले आहे. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची, म्हणजे यंत्रांचे भाग घडवण्या-बसवण्याच्या कामाची, दोन वर्षे पूर्ण करून शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात मी शिकाऊ उमेदवार म्हणून लागले, त्याला आता नऊ महिने होत आले. प्रवेश कसा मिळतो, ट्रेड कोणकोणते असतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून ज्या गोष्टीने माझा सर्वांत जास्त वेळ, पैसा आणि झोप खाल्ली, तिच्यापासूनच सुरुवात करते. ती गोष्ट म्हणजे माझे नाव.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे नाव आणि मग वडिलांचे, अशी आपल्याकडची रीत आहे. आयटीआयचे प्रमाणपत्रही त्यावरूनच तयार झाले. आधारवर माझे नाव आधी असून वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर आहे. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या बँक खात्यात आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे आहे. आयटीआयची दोन वर्षे यामुळे काहीही अडले नाही. अप्रेंटिसशिपमध्ये मात्र विद्यावेतन दोन वाटांनी येते. माझे विद्यावेतन ७,७०० रुपये ठरले. त्याचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार प्रोत्साहन योजनेतून उमेदवाराच्या आधारशी जोडलेल्या खात्यात थेट भरते. कंपनीचे ६,२०० रुपये दर महिन्याला वेळेवर येत होते. सरकारचा वाटा सात महिने आला नाही, म्हणजे १०,५०० रुपये अडकले. खोलीभाडे आणि डबा भागवून महिनाअखेरीस ज्या मुलीच्या हातात सहा-सातशे रुपये उरतात, तिच्यासाठी ही रक्कम किती मोठी आहे, हे मी सांगायला नको.

बँकेत मी तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा अर्ध्या दिवसाची सुट्टी गेली. पहिल्यांदा प्रतिज्ञापत्र आणायला सांगितले, दुसऱ्यांदा राजपत्रात नाव छापून आणायला सांगितले आणि तिसऱ्यांदा आधारच बदलून या म्हणून परत पाठवले. आधारवरचे नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, त्यामुळे एका खात्यासाठी त्यातली एक संधी घालवायला माझे मन धजेना. शेवटी कारखान्यातल्या एका मुलाने डाकघरातल्या पेमेंट्स बँकेचा मार्ग सुचवला. तिथे आधार आणि अंगठ्यावर नवे खाते उघडले, ते आधारशी जोडून घेतले आणि आठव्या महिन्याचा वाटा त्यात आला. मागचे सात हप्ते अजून यायचे आहेत आणि त्यासाठी मी लेखी तक्रार केली आहे.

सहाव्या महिन्यात कोणी विचारले असते, तर मी सरळ सांगितले असते की या वाटेला जाऊ नका, बारावी करून कॉलेज धरा. तेव्हाचे ते मत आज माझे राहिलेले नाही, आणि त्याला कारण एक चावी आहे.

आयटीआयच्या पहिल्या दोन महिन्यांत आमच्या निदेशकांनी फायलिंगशिवाय दुसरे काही करू दिले नव्हते. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरायची, कानस चालवायची, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून पट्टी उजेडासमोर धरायची आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. वीस जणांच्या तुकडीत आम्ही दोघीच मुली होतो आणि दोघींच्याही तळव्यांना फोड आले होते. मला तो वेळेचा अपव्यय वाटत असे. दीड महिन्यापूर्वी कारखान्यात एका गिअरबॉक्सच्या शाफ्टची चावी, म्हणजे शाफ्ट आणि त्यावरचे चाक एकत्र फिरावे म्हणून दोघांमधल्या खाचेत बसवलेला धातूचा तुकडा, झिजली आणि नवी बसवायचे काम आमच्या विभागातल्या काकांनी मला दिले. की-वेच्या, म्हणजे चावी बसते त्या खाचेच्या, कडांना प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, चावी हलकेच आत ठोकून बाहेर काढायची आणि जिथे निळा डाग उमटला असेल तेवढेच बारीक कानशीने काढायचे. तिसऱ्या खेपेला मी घाईने जास्त घासायला लागले, तेव्हा काका म्हणाले, “दमानं पोरी, निळं कुठं उठलंय ते बघ आधी.” अकराव्या खेपेला दोन्ही बाजूंना सारखा डाग आला, चावी नायलॉनच्या हातोडीच्या दोन ठोक्यांत बसली आणि वरच्या बाजूला हवी तेवढी मोकळीक राहिली. मशीन सुरू झाल्यावर मी शाफ्टजवळ कान लावून उभी राहिले. खटखट पूर्ण थांबली होती. असे शिक्षण मला वर्गात बसून मिळाले नसते, याची मला खात्री आहे.

वर्ष संपल्यावर इथेच नोकरी मिळेल असे नाही. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याने कंपनीवर तसे बंधन नाही. पण दोन वर्षांच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि मी त्याच तयारीला लागले आहे.

माझ्या मावसबहिणीने यंदा दहावी केली असून तिला इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. रविवारी तिची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून आम्ही एकेक अक्षर जुळवून पाहिले. तिच्या आधारवर वडिलांचे नावच नाही. प्रवेशअर्ज भरण्याआधी, येत्या सोमवारी, मी तिला आधार केंद्रात घेऊन जाणार आहे.