ट्रेलरच्या स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप, आठ महिन्यांनंतर: कॅप चांगली, पाकिटावरचा दावा खोटा

बोटीच्या ट्रेलरवर आठ महिने वापर, दर वेळी हब (चाकाचा मधला फिरणारा भाग, आत दोन बेअरिंग; ही कॅप त्याच्या बाहेरच्या तोंडावर बसते) पाण्यात. पाकिटावर लिहिलंय, "आता हब उघडायची गरज नाही." हब उघडला. बाहेरचं बेअरिंग स्वच्छ, ग्रीस घातलं तसंच. आतल्या बेअरिंगचं ग्रीस मात्र दुधाळ, आणि कपावर, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कडीवर, बरोबर रोलरच्या अंतराने गंजाच्या काळ्या रेघा. अशा रेघा दिसल्या की समजायचं, पाणी शिरलं आणि चाक तसंच बरेच दिवस उभं राहिलं. हे बेअरिंग पुसून परत घालायचं नाही. त्या रेघांवरूनच पुढे पापुद्रे सुटतात.

कॅपमागचा विचार चोख आहे. रस्त्यावर तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि मागच्या सीलच्या (हबच्या मागे पाणी अडवणाऱ्या कडीच्या) ओठाखालून पाणी ओढून घेते. कॅपमधला पिस्टन ग्रीसवर सुमारे 3 पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणून ही ओढच तयार होत नाही. पण निपल, म्हणजे ग्रीस गन लावायचं तोंड, पुढच्या बाजूला. गनने मारलेलं ग्रीस बाहेरच्या बेअरिंगला भेटतं. आतल्यापर्यंत दाब पोचायचा तर मधली पोकळी बसवतानाच ठासून भरलेली हवी. पिस्टन बाहेर आलेला दिसला की माणूस निर्धास्त होतो, आणि आतल्या बेअरिंगचं काय चाललंय ते तो पिस्टन सांगूच शकत नाही. माझा सगळा राग याच गोष्टीवर आहे.

दोन तारे द्यायचे ठरले होते. मग स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) रॉकेलने पुसला आणि मत बदललं. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे नख अडकेल एवढा चर पडलेला. अशा चरावर नवं कोरं सीलही गळणार, पुढे कुठलीही कॅप लावा. उपाय म्हणजे त्या जागेवर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह ठोकून चढवणं. सील घेताना दोन ओठांचं आणि आत स्प्रिंग असलेलं घ्या, आणि काढलेलं सील पुन्हा कधीही बसवू नका. सगळ्या हबमधली सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

दुसऱ्या चाकाचा त्रास उलटा. पिस्टन पूर्ण बाहेर आल्यावरही गन मारत राहिलं की दाब मागचं सील उलटवतो आणि ग्रीस ब्रेक लायनरवर जातं. ग्रीस मुरलेले लायनर धुऊन सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. पिस्टनची कड बोटाने दाबून पाहा. हलत असेल तर ग्रीस पुरेसं आहे, गन खाली ठेवा.

म्हणून वर्षातून एकदा किंवा साधारण 20,000 किमीला, जे आधी होईल तेव्हा, हब उघडायचाच. पाण्यात जाणारा ट्रेलर हंगाम संपल्यावर लगेच. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा, पण हवेच्या नळीने गरगर फिरवू नका, रोलर उडू शकतात. निळसर झाक म्हणजे जास्त तापलंय, बाद. कोन (रोलर असलेला बेअरिंगचा आतला भाग) बदलला तर कपही बदला. जुना कप पितळी पंचाने फिरवत फिरवत, थोडा थोडा ठोकून काढा. 3,500 पौंडांच्या बऱ्याच ॲक्सलवर आत एल68149 आणि बाहेर एल44649 नंबरचं बेअरिंग असतं, तरी मागवण्याआधी कोनवर कोरलेला नंबर वाचा. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून चोपडलेलं ग्रीस पिंजऱ्याच्या आत जात नाही. ग्रीस एनएलजीआय 2 (हा घट्टपणाचा क्रमांक), पाण्यासाठी मरीन दर्जाचं. जुनं कुठलं होतं ते माहीत नसेल तर सगळं काढा. काही ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहतात.

नट आवळताना बहुतेकांचं चुकतं. हब हाताने फिरवत सुमारे 68 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण ढिला करा आणि पुन्हा फक्त बोटांनी लावा. पिनसाठी नटाची खाच आणि स्पिंडलचं भोक जुळत नसेल तर ढिल्याच्या दिशेने मागे या, पुढे कधीच नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी. चाकाला अगदी किंचित प्ले (ढिलेपणा) जाणवेल, तो हवाच. घट्ट आवळलेलं बेअरिंग तापून जातं.

चाकाचे नट तिरपे-समोरासमोर आवळा आणि 15, 40 व 80 किमीला पुन्हा टॉर्क तपासा.

आता चार तारे. पाचवा कापला तो पाकिटावरच्या त्या एका ओळीसाठी. कॅप लावलेली असली तरी बोट पाण्यात उतरवण्याआधी दोन्ही हबला हात लावून पाहा. दोन्ही गरम असतील तर निवेपर्यंत थांबा. एकच जास्त गरम असेल तर चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा, फिरवून खरखर ऐका, आणि त्या दिवशी पाण्यात नेऊ नका.